पिंजलेलं पाणी

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या रसायनाला त्रेसष्ट पोरं आहेत. कागदावर. कागदावर ती दर बुधवारी आणि शुक्रवारी प्रयोगशाळेत येतात, कोट घालतात, बाटल्या धुतात, वजनं करतात, निरीक्षणं लिहितात. प्रत्यक्षात त्यातली निम्मी सुरतला कारखान्यात आहेत, काही पोलीस भरतीसाठी सकाळ-संध्याकाळ मैदानावर धावतात, चार-पाच पोरींची लग्नं झाली. जर्नल स्टँडमागच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतं. निरीक्षणांसकट. फक्त नाव घालायचं बाकी ठेवतात, तेवढी लाज अजून शिल्लक आहे.

मी त्या प्रयोगशाळेचा परिचर. शिपाईच म्हणा, फक्त खाकीवर आम्लाची भोकं पडलेला. चोपड्याला येऊन सव्वीस वर्षं झाली. बारावीला रसायनातच गेलो होतो, आणि नोकरी लागली तीही रसायनातच. आता बोला. शिकवणारे सर होते तोवर त्यांचं ऐकून शिकलो, ते रिटायर झाल्यावर कपाटातली पुस्तकं काढून वाचली. त्यांची जागा भरली गेली नाही. एक ज्योत्स्ना मॅडम आहेत, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, तोही वर्ष उलटल्यावर. तीन गावांत तीन कॉलेजं करतात. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

घरी मी एकटा. कुंदाबाई, माझी बायको, धुळ्याला मुलीच्या बाळंतपणाला गेली ती सव्वा महिन्यासाठी. तो नातू आता शाळेत जातो. भांडण नाही काही. भांडण असतं तर भांडायला तरी कोणी आलं असतं. रविवारी फोन येतो, जेवला का विचारते, मी हो म्हणतो, संपलं. मधल्या सहा दिवसांत आपण किती शब्द बोलतो ते मी एकदा मोजलं. मोजायची सवयच लागलेली. गुरुवारी एकोणीस भरले. त्यातले चौदा 'हो साहेब'चे.

अशात उषा आली.

ऑगस्ट महिना होता. मी दगडी ओट्यावर डबा उघडून बसलेलो. दारात एक किडकिडीत पोरगी, हातात कोरं जर्नल. विचारते, प्रॅक्टिकल कधी असतं. सहा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. भाकरीचा घास तोंडातच राहिला. वेळापत्रकावर असतं, म्हटलं. वेळापत्रक बघूनच आली होती बिचारी. दोन बुधवार बाहेरच्या पायरीवर बसून गेली होती, कुलूप बघून.

सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची पोर. घरी पावरी बोलायची, माझ्याशी अहिराणी, आणि वर्गात कोणाशीच नाही. बाप नव्हता. आई, बुधीबाई, पावसाळ्यात आपली दीड एकर कसायची, दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जायची. उषा स्वतः दोन हंगाम जिनिंगमध्ये कापूस ओढायला होती, तिथून बारावीची परीक्षा दिली. आता वसतिगृहात जागा मिळाली होती. वॉर्डनने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं, एका विषयात जरी गेलीस तरी पेटी उचलायची. आणि आईने सांगून ठेवलेलं, पेटी घेऊन आलीस तर पुढच्या हंगामाला कोयता तुझ्या हातात. तिच्या मागे हे असं दोन्हीकडून लागलेलं. तिला रसायनाची हौस होती म्हणून ती आली असं मी म्हणणार नाही. नापास व्हायची भीती होती म्हणून आली. हौस नंतर लागली.

मॅडमना विचारलं. त्या दप्तर खांद्याला लावून निघायच्या घाईत होत्या. म्हणाल्या, निंबाभाऊ, तुम्ही दाखवा तिला, मी सह्या करते. तेवढ्यावर आमचं सुरू झालं.

पहिले दोन महिने मी तिला काही करू दिलं नाही, फक्त बघायला लावलं. नळकांड्यात पाणी घ्यायचं आणि किती आहे ते सांगायचं. काचेत पाणी सपाट नसतं, कडेला चढतं, मध्ये खोलगट होतं. त्या खोलगटाचा तळ वाचायचा, आणि डोळा त्या तळाच्या रेषेत आणून वाचायचा. उभ्याने वरून बघितलं तर पाणी आहे त्याहून जास्त दिसतं. साहेब लोकांना गावाचं पाणी असंच जास्त दिसतं, म्हटलं, वाकत नाहीत ना. ती हसली. प्रयोगशाळेत कोणी हसल्याचा आवाज कसा येतो हे मी विसरलो होतो. रिकाम्या काचा असतात सगळ्या, त्या जरा वाजतात.

मग तराजू. आमच्याकडे एकच चांगला तराजू आहे, काचेच्या दाराचा, ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत सांगणारा. त्याच्यावर वजन करायचं तर पंखा बंद. पंखा चालू असला की शेवटचा आकडा नाचतो. दिसेल ते लिहायचं, हा माझा एकच नियम. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, खाली सही. खोडरबर नाही, गिरवणं नाही. लपवायचं असतं त्याने खोडावं. आणि शेवटचा आकडा अंदाजाचा असतो, ते खरं; पण तो आपला अंदाज हवा, शेजारच्याचा नाही.

डिसेंबरात मी तिला घनतेची बाटली दिली. बोटाएवढी काचेची बाटली, बूच काचेचं, बुचाला आरपार केसाएवढं भोक. काठोकाठ भरून बूच लावलं की जास्तीचं पाणी त्या भोकातून बाहेर येतं, ते टिपून घ्यायचं, की झालं. दर वेळी तंतोतंत तेवढंच माप. रिकामी बाटली तोला, भरलेली तोला, फरक तो पाण्याचा. वजन भागिले जागा म्हणजे घनता. पुस्तकात एवढंच आहे.

ती म्हणाली, भागाकार येतो, पण घनता म्हणजे काय ते कळत नाही. वजन कळतं, जागा कळते. एकाला दुसऱ्याने भागून जे येतं ते कुठे असतं?

असा प्रश्न विचारायला डोकं लागतं. मी विचारलं, जिनिंगला होतीस ना? ट्रॉलीभर सुटा कापूस येतो, डोंगराएवढा. तो प्रेसमध्ये घालतात. काय निघतं? गाठ, म्हणाली. केवढी? तिने हात पसरून दाखवलं, पेटीएवढी. कापूस कमी झाला का? नही. वजन? तेच. मग काय बदललं? ती थांबली, आणि तिचा चेहरा असा झाला की मी सांगू शकत नाही. म्हणाली, दाबेल शे. मी म्हटलं, ते दाबलेपण म्हणजे घनता. उलट कर. गाठ सोडून पिंजाऱ्याकडे दे. पिंजली की?

"मंग खोलीभर व्हई जाई," ती म्हणाली. "वजन तेच."

त्या दिवशी घरी जाताना मी एकटाच बडबडत गेलो. पानाच्या टपरीवाल्याने विचारलं, निंबाभाऊ, फोनवर शे का. म्हटलं, हां.

जानेवारीत थंडी पडली तेव्हा एका सकाळी साडेसातला तिला बोलावलं. खोलीत अठरा अंश होते. पुस्तकाच्या मागे एक तक्ता असतो, कुठल्या तापमानाला पाण्याची घनता किती त्याचा. अठराला ०.९९८६. त्यावरून आम्ही आमच्या बाटलीची खरी जागा काढली. बाटलीवर पंचवीस लिहिलंय, निघाली २४.८७. लिहिलेल्यावर जायचं नाही, हे तिला सांगायची गरज उरली नव्हती. त्या दिवशी बाटलीतलं पाणी भरलं २४.८३५ ग्रॅम. तिने तो आकडा जर्नलात लिहिला, तारीख घातली, तापमान घातलं, सही केली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीच बाटली, तेच डिस्टिल्ड पाणी, पुन्हा तोललं. जळगाव जिल्ह्यातला एप्रिल. दुपारी पत्रा तापलेला, खोलीत एक्केचाळीस. पंखा बंद. दोघांच्या अंगाला धारा. आकडा आला २४.६७१.

तिने पुन्हा भरलं, पुन्हा तोललं. तेच. तिसऱ्यांदा तेच.

"नाना, पाणी कमी व्हयनं. बाटली तर भरेल शे."

सांगायचा मोह होत होता, पण गप्प बसलो. ती बाटली घेऊन खिडकीतल्या उन्हात उभी राहिली, तशी बुचाच्या भोकातून एक थेंब वर आला. तिने थेंबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग थर्मामीटरकडे.

"उन्हाने पाणी पिंजाई गयं," म्हणाली.

पिंजलं गेलं. पुस्तकात शब्द आहे प्रसरण. मला तो माहीत होता. त्या क्षणी मी तो तिला द्यायला हवा होता. द्यायचा होता आणि सांगायचं होतं की बाई, परीक्षेत हा म्हण, तुझा तुझ्यापाशी ठेव. पण तिचा शब्द एवढा नेमका होता की मला वाटलं, याच्यावर आपला कशाला ठेवा. मी म्हटलं, बरोबर, पिंजाई गयं. भागाकार केला. ०.९९२. तक्ता उघडून बघितलं, एक्केचाळीसला एवढीच येते, तिसऱ्या आकड्यापर्यंत. त्रेसष्ट पोरांत हा आकडा खरोखर मोजून काढलेली ती एकटी होती, आणि तिला शाबासकी देणारा मी एकटा. तिथे माझी चूक झाली.

परीक्षा चोवीस एप्रिलला. घनतेच्या प्रयोगाला ग्लिसरीन लागणार होतं. त्याचं मागणीपत्र ऑफिसच्या टेबलावर तीन महिने पडून होतं, वर चहाचे गोल डाग. शेवटी मॅडमनी सकाळी मला सांगितलं की सगळ्यांना डिस्टिल्ड पाणीच द्या, बाटल्यांवर 'द्रव अ' चिकटवा. मी चिकटवलं. पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं की द्रव अ म्हणजे पाणी आहे. बबलू म्हणून एक पोरगा रात्रीच्या गाडीने सुरतहून आलेला, डोळे लाल, तो बाटलीचा वास घेऊन मोठ्याने म्हणाला, बठ्ठा नळनाच माल शे रे, एक लिखा आन घर जावा. हसले सगळे. मी पण हसलो असेन.

एकोणपन्नास पोरं आली होती. अठ्ठेचाळिसांनी १.००० लिहिलं. त्यातल्या तिसांनी बाटली ओलीसुद्धा केली नव्हती. आकडा आधी, मग त्या आकड्याला शोभेल असं वजन मागून. अशी उलटी मोजणी आमच्याकडे चालते, आणि त्यावर पोरं पदवीधर होतात.

बाहेरून आलेले परीक्षक धुळ्याचे. पन्नाशीचे, भला माणूस, कपाळावरचा घाम सारखा रुमालाने टिपत होते. उषाने त्यांच्यापुढे जाऊन विचारलं, सर, वजन करताना पंखा बंद करू का. एक्केचाळीस अंशांत. मागून पोरांनी ओरडा केला. सर म्हणाले, कर, लवकर कर. ती काही लवकर करणाऱ्यातली नव्हती. तिने तीनदा तोललं. तोवर ते घामाने निथळले, आणि तिथेच तिच्यावर खट्टू झाले असावेत.

तोंडी परीक्षेला मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभा होतो. सरांनी तिचा कागद वाचला, चष्मा वर केला. पाण्याची घनता किती असते, विचारलं. तिने विचारलं, कुठल्या तापमानाला. उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच ते विचारायचं होतं. सरांना तो उद्धटपणा वाटला. म्हणाले, पाण्याची घनता एक असते बेटा, आठवीच्या पोराला विचार. तुझी कमी का आली?

ती घाबरली की तिची सगळी भाषा निसटायची. पावरी, अहिराणी, मराठी, तिन्ही. तिच्या हाताला लागला तो एकच शब्द, जो तिचा स्वतःचा होता.

"उन्हाने पाणी पिंजलं जातं, सर."

आधी कोणाला कळलं नाही. मग बबलूने मागून कापूस पिंजल्याचा आवाज काढला, टंग टंग टंग, आणि प्रयोगशाळा फुटली. सरही हसले. मग गंभीर झाले. हे कोणी शिकवलं, विचारलं. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायचं तिला सुचलं नाही, कारण मीच तिला दिसेल तेच लिहायला शिकवलेलं.

"निंबा नानांनी."

सरांनी माझ्या हातातल्या तांब्याकडे बघितलं. मग मॅडमकडे. फार हळू म्हणाले, शिपाई शिकवतो का तुमच्याकडे? मॅडमच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं. उषाच्या कागदावर चाळीसपैकी अकरा पडले. पास व्हायला सोळा लागतात.

दुपारी बाहेरच्या परीक्षकांना जेवण असतं, हा रिवाज आहे. भरीत, पुऱ्या, शेवभाजी, वर जिलेबी. वाढायला मीच. मी पुस्तक काखेत घेऊन गेलो. तक्त्याचं पान उघडून सरांच्या ताटाशेजारी ठेवलं, आणि एक्केचाळीसवर बोट ठेवलं. सव्वीस वर्षांत मी कुठल्या साहेबापुढे असं बोट ठेवलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, निंबाभाऊ. एवढंच.

सरांनी पान बघितलं. पुरीचा तुकडा भरताच्या वाटीत तसाच ठेवला. मला वाटलं, भडकतील. भडकले असते तर बरं झालं असतं.

"मला माहीत आहे हो," ते म्हणाले. "तिथे नाही सुचलं, पण माहीत आहे."

म्हटलं, मग तिला मार्क द्या.

"आणि बाकीच्या अठ्ठेचाळिसांचं काय करू? तिचं बरोबर धरलं तर त्या सगळ्यांचं चूक. सगळे नापास लिहू? लिहितो. उद्या चौकशी लागेल. तुमचा विभाग राहील का? या मॅडम राहतील का?"

मॅडम ताटात बघत होत्या. त्यांच्या जिलेबीवर माशी बसली होती, ती त्यांनी हाकलली नाही.

सरांनी मग तोडगा सांगितला. वाईट माणसाने सांगितला असता तर मी तो ताटातच फेकला असता. म्हणाले, कागद माझ्यापाशी आहे, अजून बंद केलेला नाही. तिला म्हणा, उत्तर एक करायला. चौतीस देतो. पोरगी हुशार आहे, तिचं वर्ष का घालवायचं. माझी चारची गाडी आहे, तेवढं बघा.

कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मॅडमच्या नाही. मॅडमनी तो हातात घेतला असता तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. शिपायाच्या हातातून कागद नुसता जातो.

प्रयोगशाळेत ती एकटीच होती. बाकीचे बसस्टँडवर पोचलेसुद्धा असतील. सगळ्यांनी तशाच टाकलेल्या बाटल्या ती धुऊन, बुचाचा नंबर बाटलीच्या नंबराशी जुळवून, फडक्यावर पालथ्या घालत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाटल्या धुणं माझं काम.

मी सगळं सांगितलं. लपवलं नाही काही. अकरा, सोळा, चौतीस, अठ्ठेचाळीस पोरं, मॅडम, चारची गाडी. तिने हात पुसले, स्टुलावर बसली. बाहेर पत्रा तडतडत होता.

"नाना, तुम्ही मोजतात तर कितलं येतं?"

"नऊशे ब्याण्णव."

"मंग?"

तिच्या त्या 'मंग'ला उत्तर होतं माझ्याकडे. एक नाही, दोन होती. लिहू नकोस, हे एक. लिहू नकोस, मग पेटी उचल, मग ऊसतोडीला जा, कोयता धर, पण आकडा सोडू नकोस, असं मी म्हणू शकत होतो. माझं काय जाणार होतं? माझी नोकरी पक्की, माझा कोयता नाही. दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर खरं बोलणं फार सोपं असतं. आणि भित्र्याला ही सबब फार आवडते, हेही मी जाणतो. त्या वेळी माझ्यात कोण जास्त होतं, तिची काळजी करणारा की साहेबाला घाबरणारा, ते मला आजतागायत तोलता आलेलं नाही.

"लिख एक," मी म्हणालो.

तिने पेन काढलं. ०.९९२ वर एक आडवी रेघ मारली. सरळ, पट्टीने मारल्यासारखी. शेजारी १.००० लिहिलं. खाली सही केली, मी शिकवली होती तशी. रेघेखालचा जुना आकडा स्वच्छ वाचता येत होता. कागद माझ्याकडे सरकवला आणि उरलेल्या बाटल्या धुवायला उठली. मी म्हटलं, राहू दे, मी धुतो. तिने ऐकलं नाही. बारा बाटल्या होत्या, सगळ्या धुतल्या. नंबर जुळवून ठेवल्या. मग जर्नल पिशवीत टाकून, येते नाना, म्हणून गेली.

सरांना कागद दिला. त्यांनी रेघ बघितली, काही क्षण बघतच राहिले, आणि चौतीस लिहून खाली सही ठोकली. त्यांची गाडी चुकली नाही.

मे महिन्यात मी जवळजवळ रोज कुलूप उघडून बसलो. सुट्टी होती, यायचं कारण नव्हतं. कुंदाबाईने फोनवर सांगितलं, या ना इकडे आठ दिवस, नातू आठवण काढतो. गेलो. धुळ्याच्या त्या दोन खोल्यांत सगळे आपापल्या कामात होते, आणि मी खाटेवर बसून राहायचो. जेवला का, असं कुंदाबाईने समोरून विचारलं, तेव्हा मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी परत आलो. नातवाला घनतेचं सांगायला गेलो होतो, कापसाची गोष्ट. तो मोबाइलमध्ये होता.

निकाल लागला. अठ्ठेचाळीस पास, उषा पास. म्हणजे सगळे पास. आमच्या विभागाचा शंभर टक्के म्हणून सूचनाफलकावर लावलं, रंगीत खडूने. तो फलकही मीच लिहिला. अक्षर चांगलं आहे माझं.

जुलैत दुसऱ्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले. ऑफिसात माणसं कमी, म्हणून मला फॉर्म घ्यायच्या खिडकीवर बसवलं. दुपारी उषा आली. बरोबर बुधीबाई होती. बाई पहिल्यांदाच कॉलेजात आली असावी. चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या तिने, देवळात काढतात तशा. पिशवीतून चार मक्याची कणसं काढून तिने खिडकीतून माझ्यापुढे ठेवली.

"तुमनामुळे पोर पास व्हयनी, भाऊ. नहीतं कोयता व्हता."

मी म्हटलं, पोरगी तुमची, मेहनत तिची. बाई ऐकेना. पोरीला म्हणाली, नानांच्या पाया पड. खिडकीच्या मध्ये लाकडी फळी होती, पाय कुठले दिसणार. उषाने फळीला हात लावून कपाळाला लावला. मी तिच्याकडे बघितलं नाही. फॉर्म ओढला.

दुसऱ्या वर्षाला तीनपैकी दोन विषय ठेवायचे असतात, एक सोडायचा. प्राणिशास्त्रापुढे खूण होती, वनस्पतिशास्त्रापुढे खूण होती. रसायनाचा चौकोन मोकळा. मला वाटलं, चुकून भलतीकडे खूण झाली असेल. पोरं घाईत चौकोन चुकवतात. मी फॉर्म उलटा करून तिच्यापुढे धरला, त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हे राहिलं," म्हटलं.

"राहू द्या नाना."

मागे रांग होती. कोणी तरी म्हणालं, चला ना अक्का. बुधीबाईला काही कळत नव्हतं, ती दोघांकडे बघून हसत होती. मी हळू विचारलं, का गं. तेवढंच. माझ्या आवाजात जे होतं ते तिला ऐकू आलं असावं, कारण तिने माझ्याकडे नीट बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. राग असता तर मी तो अंगावर घेतला असता.

"तठे मोजीसनी काय करू?" ती म्हणाली. "आकडा तर पहिलेच ठरेल शे."

मी तो चौकोन तिच्या वतीने भरू शकलो असतो. तिच्या एका खुणेवर आडवी रेघ, इथे नवी खूण, झालं असतं. त्या कागदावर तसाही किती खोटं असतं. ती बघत होती, मी काय करतो ते. मी पेन खाली ठेवलं. शिक्का शाईच्या गादीवर दाबला, फॉर्मवर मारला, पावती फाडून तिला दिली आणि पुढच्याचा कागद घ्यायला हात बाहेर काढला.